समुद्रतळ शिकायचा असेल, तर आधी भौतिकशास्त्र शिका

हुबळीहून लोंढा, कॅसल रॉक, दूधसागर असा घाट उतरत गाडी वास्कोला पोचते. वास्कोच्या हेडलँड सडा टेकडीवर राष्ट्रीय ध्रुवीय आणि महासागर संशोधन केंद्र आहे. झुआरीच्या मुखापलीकडे, दोना पावलाला, राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे, ती १ जानेवारी १९६६ रोजी स्थापन झाली. दक्षिणेला मंगळूरला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या सागरी विभागाचे मुख्यालय आहे. समुद्रतळाचे भूभौतिकशास्त्र आपल्या देशात मोजक्याच ठिकाणी चालते, आणि त्यांपैकी ही तीन ठिकाणे धारवाडपासून एका रात्रीच्या प्रवासाच्या आत आहेत. तरीही हुबळी-धारवाडच्या मराठी घरांत पी.यू.सी.नंतरच्या चर्चेत या वाटेचा उल्लेख क्वचितच होतो. झालाच तर चुकीच्या रूपात होतो: समुद्राची ओढ हवी, पोहता आले पाहिजे, महिनोन्‌महिने बोटीवर राहायची तयारी हवी, आणि हे सारे किनारपट्टीच्या मुलांना जमायचे, पठारावरच्यांना नव्हे. या लेखाचे म्हणणे याच्या नेमके उलट आहे. हा पेशा मुळात मोजमापाचा आणि अनुमानाचा आहे. त्याची तयारी गणिताच्या वहीत आणि भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत होते. म्हणून ज्याला किंवा जिला पुढे समुद्रतळाचा अभ्यास करायचा आहे, त्यांनी पदवीपर्यंत नावात ‘सागरी’ असलेला अभ्यासक्रम शोधत बसू नये. भौतिकशास्त्र आणि गणित पक्के करावे, समुद्राकडे नंतर वळावे.

असे का म्हणायचे, हे कळण्यासाठी हा शास्त्रज्ञ दिवसभर नेमके काय करतो ते पाहिले पाहिजे. समुद्राच्या तळाशी प्रकाश पोचत नाही आणि रेडिओलहरी पाण्यात लगेच विरतात. पोचतो तो आवाज. म्हणून जहाजावरून ध्वनी सोडायचा, तळावर आपटून परत आलेला प्रतिध्वनी टिपायचा आणि गेलेल्या वेळावरून खोली काढायची. पाण्यात ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे १,५०० मीटर असतो, त्यामुळे ४,००० मीटर खोलीवरून प्रतिध्वनी यायला पाच सेकंदांहून थोडा अधिक वेळ लागतो. वरवर हे त्रैराशिक आहे. पण ध्वनीचा वेग पाण्याच्या तापमानाने, क्षारतेने आणि दाबाने बदलतो. तो एक टक्का चुकला तर खोली ४० मीटरांनी चुकते. म्हणजे बारा मजली इमारतीएवढा उंचवटा नकाशावर उगाचच उभा राहतो किंवा नाहीसा होतो. तळाखालच्या थरांचा वेध घ्यायचा तर दाबलेल्या हवेचा जोरदार स्फोट पाण्यात करून, जहाजामागे काही किलोमीटर ओढल्या जाणाऱ्या संवेदकांच्या लांब केबलवर परतणाऱ्या लहरी नोंदवतात. गुरुत्वाकर्षणाच्या मोजमापात तर कसोटीच लागते. गुरुत्वत्वरणाच्या दहा लाख भागांतला एखादा भाग हुडकायचा असतो, त्या मापाला मिलिगॅल म्हणतात. विषुववृत्ताजवळ जहाज नुसते दहा नॉट वेगाने पूर्वेकडे चालले, तरी पृथ्वीच्या फिरण्यात त्याची गती मिळून वाचन सुमारे ७५ मिलिगॅलनी बदलते, आणि शोधायची असलेली विसंगती कित्येकदा त्याहून लहान असते. चुंबकमापक जहाजामागे दूर दोरीने ओढतात, कारण जहाजाचे स्वतःचे लोखंड त्याला फसवते. अशी प्रत्येक दुरुस्ती कुठून येते, ती का करायची, आणि करूनही कितपत चूक उरते, हे ज्याला उमगते तो या विषयात टिकतो. समुद्राची आवड या कामात सोबत करते, आधार भौतिकशास्त्राचाच असतो.

याचा सर्वांत मोठा पुरावा आपल्याच अरबी समुद्राच्या पुढ्यात घडला आहे, आणि आपल्या शाळा-कॉलेजांत तो फारसा सांगितला जात नाही याची खंत वाटते. अरबी समुद्राच्या दक्षिणेला हिंदी महासागरात कार्ल्सबर्ग रिज नावाची बुडालेली पर्वतरांग आहे. १९६२ च्या नोव्हेंबरात, आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेच्या काळात, ब्रिटिश सर्वेक्षण जहाज ‘ओवेन’ने तिच्या माथ्यावरच्या एका लहानशा पट्ट्याचे चुंबकीय मोजमाप केले. त्या कामात केंब्रिजचे ड्रमंड मॅथ्यूज होते. आकडे केंब्रिजला आल्यावर त्यांवर बसला फ्रेड व्हाइन हा संशोधक विद्यार्थी. तळावरच्या डोंगरांपैकी काही आजच्या चुंबकीय क्षेत्राच्या दिशेने, तर काही नेमक्या उलट दिशेने चुंबकित आहेत, असे संगणकावरच्या आकडेमोडीतून दिसले. पृथ्वीचे चुंबकीय ध्रुव अधूनमधून उलटतात आणि पर्वतरांगेच्या माथ्यावर नवा तळ सतत तयार होऊन दोन्ही बाजूंना सरकतो, या दोन गोष्टी एकत्र धरल्या तर तळावर उलटसुलट चुंबकत्वाचे पट्टे पडलेच पाहिजेत, हा त्यांचा तर्क. ७ सप्टेंबर १९६३ च्या ‘नेचर’मध्ये तो छापून आला आणि भूखंड सरकतात या कल्पनेला मोजता येईल असा आधार मिळाला. कॅनडाच्या लॉरेन्स मॉर्ले यांनी स्वतंत्रपणे हाच विचार मांडला होता. तो मात्र नियतकालिकांनी नाकारला. या प्रकरणातून विद्यार्थ्याने घ्यायची गोष्ट ही की जहाज, समुद्र आणि उपकरण बरेच जणांकडे होते. तळाचा इतिहास सापडला तो आकड्यांच्या ओळींमागे कोणता भौतिक नियम आहे हे विचारणाऱ्याला.

दुसरा पुरावा मेरी थार्प यांचा. न्यूयॉर्कजवळच्या लॅमाँट वेधशाळेत त्या १९४८ मध्ये रुजू झाल्या तेव्हा तिथल्या संशोधन जहाजांवर बायकांना घेत नसत. सहकारी ब्रूस हीझेन जहाजावरून खोलीची वाचने आणत, थार्प ती टेबलावर मांडून नकाशा काढत. अटलांटिकच्या मधल्या पर्वतरांगेच्या माथ्यावर लांबच लांब खचलेली दरी आहे, हे १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांना दिसले. हीझेन यांनी ते प्रथम उडवून लावले. पुढे समुद्रातल्या भूकंपांची ठिकाणे त्याच प्रमाणाच्या नकाशावर मांडल्यावर ती दरीत ओळीने बसली, तेव्हा मान्य करावे लागले. थार्प यांच्याकडे भूविज्ञानाची पदव्युत्तर पदवी होती आणि गणिताची पदवीही होती. समुद्रावर पाऊल न ठेवता एका माणसाने महासागराचा कणा शोधला, तर धारवाडला समुद्र नाही म्हणून अडून बसायचे काहीच कारण नाही.

मात्र यावरून नुसते आकडे हातात आले की काम झाले, असा अर्थ कुणी काढू नये. डोंगरावर धूर दिसला म्हणून तिथे अग्नी आहे, हे अनुमानाचे उदाहरण आपल्याकडे न्यायशास्त्राने शिकवले. या पेशात कायमची धास्ती असते ती धुक्याला धूर समजण्याची. २००६ मध्ये राष्ट्रीय गॅस हायड्रेट कार्यक्रमाच्या पहिल्या मोहिमेत ‘जॉईडेस रेझोल्यूशन’ या खोदकाम जहाजाने भारताभोवती एकवीस ठिकाणी विंधन केले. हायड्रेट म्हणजे दाब आणि थंडीमुळे बर्फासारखा गोठलेला मिथेन. भूकंपीय आलेख पाहून ठरवलेले पहिले विवर केरळ-कोकण खोऱ्यात, अडीच किलोमीटरांहून अधिक खोल पाण्यात घेतले. तिथे हायड्रेट मिळाले नाही. तीच मोहीम कृष्णा-गोदावरी खोऱ्यात गेली आणि तिथे एका विवरात शंभर मीटरांहून जाड थरात हायड्रेट सापडले. आलेखावरची रेघ एकच, तिचे अर्थ अनेक. मुंबई-गोव्याच्या पश्चिमेचे लक्ष्मी खोरे याहून अवघड. तिथले बुडालेले डोंगर सी. व्ही. रामन, एन. के. पणिक्कर आणि डी. एन. वाडिया यांच्या नावांनी ओळखले जातात. या खोऱ्याचा तळ खरा महासागरी आहे की ताणून पातळ झालेला भारताचाच तुकडा आहे, यावर गुरुत्व, चुंबकत्व आणि भूकंपीय नोंदी घेऊन अभ्यासक अनेक वर्षे वाद घालत आले आहेत. २०१५ च्या एप्रिल-मेमध्ये वास्कोच्या केंद्राचे धनंजय पांडे आणि तेव्हा अमेरिकेत अध्यापन करणारे पीटर क्लिफ्ट यांच्या संयुक्त नेतृत्वाखाली तिथे विंधन झाले, तळाचा बेसाल्ट वर आला, शिवाय समुद्राखाली घडलेल्या एका प्रचंड दरडीचा पुरावाही मिळाला. वाद मात्र संपला नाही. विद्यार्थ्याने हे आधीच समजून घ्यावे की या कामात ‘अमुक असावे, आणि माझी चूक एवढी असू शकते’ असेच लिहावे लागते. ज्याला प्रत्येक उदाहरणाचे उत्तर पुस्तकाच्या मागे पाहायची सवय आहे, त्याला हे जड जाईल.

आता प्रत्यक्ष वाट. पी.यू.सी.ला भौतिक, रसायन आणि गणित असले की पुरे. चौथा विषय संगणक असेल तर उपयोगी पडेल, जीवशास्त्र असेल तरी काही बिघडत नाही. बी.एस्सी.ला भौतिकशास्त्र आणि गणित सोडू नका. तिसरा विषय निवडायची सोय असेल तर भूविज्ञान घ्या. इथे एक गोंधळ हमखास होतो. कर्नाटक विद्यापीठाचा सागरी जीवशास्त्र विभाग कारवारला कोडीबागमध्ये आहे, मंगळूर विद्यापीठात सागरी भूविज्ञान विभाग आहे, गोवा विद्यापीठात सागरी विज्ञान शिकवतात. हे सगळे चांगले विषय आहेत, पण एक नव्हेत. मासे आणि प्लवक शिकणारा, गाळ आणि खडक शिकणारा, आणि लहरी व क्षेत्रे मोजणारा, हे तीन वेगळे अभ्यासक. तिसरा व्हायचे असेल तर एम.एस्सी.च्या वेळी दोन दारे उघडी असतात. एक, थेट भूभौतिकशास्त्र: कोचीन विद्यापीठात सागरी भूभौतिकशास्त्राची एम.एस्सी. आहे, विशाखापट्टणमचे आंध्र विद्यापीठ, हैदराबादचे उस्मानिया, बनारस हिंदू विद्यापीठ, धनबाद, खरगपूर, रूरकी आणि मुंबईच्या आयआयटी येथे भूभौतिकशास्त्राची जुनी परंपरा आहे. आयआयटींतल्या एम.एस्सी.साठी जॅम ही प्रवेशपरीक्षा लागते. दुसरे दार म्हणजे धारवाडातच राहून भौतिकशास्त्राची एम.एस्सी. करणे. हे दार दुय्यम मुळीच नाही. केंद्रीय लोकसेवा आयोग भूवैज्ञानिक सर्वेक्षणासाठी जी भूवैज्ञानिकांची एकत्रित परीक्षा घेतो, तिच्यात जिओफिजिसिस्ट पदाला भौतिकशास्त्राची एम.एस्सी. चालते. गेटमध्ये भूविज्ञान-भूभौतिकशास्त्राचा पेपर आहे आणि त्यात विद्यार्थी भूभौतिकीचा भाग निवडू शकतो. सीएसआयआर-नेटमध्ये पृथ्वी, वातावरण, महासागर आणि ग्रहविज्ञान असा स्वतंत्र विषय आहे. नेट उत्तीर्ण होऊन कनिष्ठ संशोधन शिष्यवृत्ती मिळाली की दोना पावला किंवा वास्कोसारख्या ठिकाणी पीएच.डी.ला अर्ज करता येतो. घरच्या परिस्थितीमुळे मुंबई-बनारस परवडत नसेल, तर धारवाडात भौतिकशास्त्र उत्तम करून पीएच.डी.ला बाहेर पडणे अधिक शहाणपणाचे, असे माझे ठाम मत आहे. हुबळीच्या इंजिनिअरिंग कॉलेजांतल्या मुलांनाही यात जागा आहे: खोल पाण्यातली याने, संवेदक आणि संदेशवहन यांचे काम चेन्नईच्या राष्ट्रीय महासागर तंत्रज्ञान संस्थेत चालते आणि माणसाला ६,००० मीटर खोल नेण्यासाठीची ‘मत्स्य ६०००’ तिथेच घडते आहे.

भूविज्ञान तिसरा विषय म्हणून का, याचे उत्तर धारवाडच्या पायाखाली आहे. एकोणिसाव्या शतकात रॉबर्ट ब्रूस फूट यांनी दक्षिणेतल्या एका प्राचीन खडकसमूहाला धारवाडचे नाव दिले आणि जगभरच्या भूविज्ञानाच्या पुस्तकांत ते कायम झाले. हे खडक साधारण २६० ते २९० कोटी वर्षांपूर्वीचे. आजच्या महासागरांचा तळ जवळजवळ सगळा २० कोटी वर्षांहून तरुण आहे, कारण जुना तळ पुन्हा पृथ्वीच्या पोटात जातो. तरीही धारवाडच्या खडकांत पाण्याखाली घडलेल्या गोष्टी जपलेल्या आहेत. हुबळी-धारवाडच्या आसपास ग्रेवॅक नावाचे, पाण्याखाली साचलेल्या गाळाचे खडक आहेत, आणि चित्रदुर्ग जिल्ह्यात मरडीहळ्ळीला उशांच्या राशीसारखा दिसणारा लाव्हा आहे. लाव्हा पाण्यात बाहेर पडून झटकन गोठला की असा आकार घेतो. ते ठिकाण राष्ट्रीय भूवैज्ञानिक स्मारक आहे. कार्ल्सबर्ग रिजवर आजही असाच लाव्हा बाहेर पडतो. उडुपीजवळच्या सेंट मेरी बेटांवरचे ज्वालामुखी खडक मादागास्कर भारतापासून तुटण्याच्या काळाशी जोडले जातात. आकड्यांवरून खडकाचा अंदाज बांधणाऱ्याने खडक हातात घेऊन पाहिलेला असला, की भलता निष्कर्ष काढताना तो अडखळतो. म्हणून भौतिकशास्त्र पाया, पण भूविज्ञान त्यावरचा लगाम.

सराव आजपासून सुरू करता येतो आणि त्याला जहाज लागत नाही. जगभरच्या समुद्रतळाच्या खोलीची ‘गेब्को’ ही जाळी फुकट उतरवून घेता येते. संशोधन जहाजांच्या मार्गांवरची चुंबकीय आणि गुरुत्वाची कित्येक दशकांची वाचने अमेरिकेच्या ‘नोआ’ संस्थेच्या संग्रहात खुली आहेत. ‘जीएमटी’ ही नकाशे आणि आलेख काढायची प्रणाली मोफत आहे, पायथन मोफत आहे, भूकंपलहरींसाठी ‘ऑब्सपाय’ मोफत आहे. बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षातल्या विद्यार्थ्याने कार्ल्सबर्ग रिज आडवी ओलांडणाऱ्या एखाद्या जहाजाची चुंबकीय वाचने घ्यावी, सुमारे ४०,००० नॅनोटेस्लाच्या एकूण क्षेत्रातून पृथ्वीचे मुख्य क्षेत्र वजा करावे, आणि उरलेल्या काहीशे नॅनोटेस्लांच्या चढउतारांचा आलेख काढावा. मग ध्रुव उलटण्याच्या कालपट्टीशी तो जुळवून तळ वर्षाला किती सेंटिमीटर सरकतो ते काढावे. शेवटचा उलटफेर सुमारे ७,८०,००० वर्षांपूर्वीचा, तिथून सुरुवात करावी. दोन-तीन महिने लागतील, चुका होतील. पण कोणत्याही मुलाखतीत प्रमाणपत्रांच्या गठ्ठ्याहून हे एक काम अधिक बोलेल. सोबत बेंगळुरूची इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेस इतर दोन अकादमींसह जी उन्हाळी संशोधन शिष्यवृत्ती देते, तिच्यासाठी अर्ज करा. एम.एस्सी.चा प्रबंध शक्यतो अशा संस्थेत करा जिथे खरी वाचने हाताळायला मिळतील.

नोकऱ्या कुठे आहेत, हा आक्षेप पालक घेतात तो रास्त आहे आणि त्याला गोड उत्तर देऊ नये. शास्त्रज्ञाच्या जागा थोड्या असतात, जाहिराती दरवर्षी निघतीलच असे नाही, आणि पीएच.डी. हातात येईपर्यंत वय २८-२९ होते. मधल्या काळात २०२३ पासून लागू झालेल्या दरांनुसार कनिष्ठ संशोधकाला महिना ३७,००० रुपये आणि नंतर ४२,००० रुपये मिळतात, वर घरभाडे. सर्वेक्षणातल्या जिओफिजिसिस्टचे मूळ वेतन ५६,१०० रुपयांपासून सुरू होते. सॉफ्टवेअर कंपनीतला मित्र या काळात पुढे गेलेला दिसेल, त्याची तयारी मनाने ठेवावी. पण ‘मागणीच नाही’ हे म्हणणे पुराव्याला धरून नाही. २६ जानेवारी १९८१ रोजी ‘गवेषणी’ जहाजाने हिंदी महासागराच्या तळावरून बहुधातूंचे गोळे वर आणले; त्या कामातून मध्य हिंदी महासागरात ७५,००० चौरस किलोमीटर क्षेत्राच्या शोधाचा हक्क भारताकडे आला. २००९ मध्ये भारताने आपल्या भूखंडमंचाच्या विस्ताराचा दावा संयुक्त राष्ट्रांच्या आयोगापुढे ठेवला, अशा दाव्यांसाठीच्या सागरी कायद्यात तळावरच्या गाळाची जाडी ही एक कसोटी आहे, आणि ती भूकंपीय लहरींनीच मोजता येते. २६ डिसेंबर २००४ च्या सुनामीनंतर हैदराबादला इशारा केंद्र उभे राहिले. २०२१ मध्ये मंजूर झालेल्या खोल समुद्र मोहिमेला ४,०७७ कोटी रुपयांची तरतूद झाली. याखेरीज तेल-वायू, समुद्राखालच्या केबलचे मार्ग, बंदरे आणि समुद्रातल्या पवनचक्क्यांचे पाये यांना सर्वेक्षण लागतेच. आणि भौतिकशास्त्रावर जोर देण्याचे आणखी एक कारण इथे आहे. लहरींच्या नोंदी स्वच्छ करणे, उलट गणिताने कारण शोधणे, मोठ्या विदेवर संगणकाने काम करणे, ही कौशल्ये भूकंपशास्त्रात, भूजल शोधण्यात, वैद्यकीय प्रतिमांत, विदाविज्ञानात जशीच्या तशी चालतात. ‘सागरी’ नावाची अरुंद पदवी घेतलेल्याला ही मोकळीक कमी मिळते.

मुलीला समुद्रावर कसे पाठवायचे, हा प्रश्न उघडपणे विचारला जात नाही, पण घरात त्यावरच निर्णय होतो. वस्तुस्थिती अशी की वर्षातला बहुतेक काळ संगणकापुढे जातो; समुद्रावरचे दिवस आठवड्यांत मोजायचे असतात, क्वचित ते दोन महिन्यांपर्यंत जातात. जहाजावर पाळ्या असतात, आंतरराष्ट्रीय खोदकामात त्या बारा तासांच्या. समुद्र लागतो, उलट्या होतात, पहिल्या काही दिवसांनंतर बहुतेकांना सवय होते. दोना पावलाच्या संस्थेतल्या अदिती पंत १९८३-८४ मध्ये अंटार्क्टिकावर गेल्या. विषय त्यांचा सागरी जीवविज्ञानाचा, पण ‘तिथे बायकांचे काम नाही’ या म्हणण्याला चाळीस वर्षांपूर्वीच मिळालेले ते उत्तर आहे. ज्यांना खरोखरच जहाज सोसत नाही, त्यांच्यासाठी प्रतिमान आणि विश्लेषणाचे काम आहे. श्रीलंकेच्या दक्षिणेला गुरुत्वाच्या कमतरतेमुळे समुद्रपातळीचा आदर्श पृष्ठभाग सुमारे १०६ मीटर खचलेला आहे. त्याच्या कारणांवर बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतून २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेले काम संगणकावरच्या प्रतिमानांचे होते.

उपग्रह सगळे पाहतात, मग माणूस कशाला, असेही विचारतात. उपग्रह समुद्राच्या पृष्ठभागाची उंची मोजतो आणि त्यावरून तळाचा अंदाज बांधतो. त्यात काही किलोमीटरांपेक्षा लहान गोष्टी निसटतात. प्रत्यक्ष ध्वनीने मोजलेला समुद्रतळ आजही जगात सुमारे एक चतुर्थांशच आहे. याहून गंभीर आक्षेप नैतिक आहे. हवेच्या स्फोटांचा आवाज देवमाशांना आणि डॉल्फिनना त्रास देतो, आणि तळाचे खाणकाम तिथली जीवसृष्टी उखडू शकते. हा आक्षेप खरा आहे आणि या पेशात येणाऱ्याने तो झटकू नये. आवाज हळूहळू वाढवत नेणे, जवळ प्राणी दिसताच थांबणे, हे नियम त्याने स्वतः आग्रहाने पाळावेत. खाणकाम करावे की न करावे, कुठे मुळीच करू नये, हे ठरवायलाही तळाचे नेमके ज्ञान लागते, आणि ते विकत घेण्याऐवजी आपल्याकडे असणे मला आवश्यक वाटते.

राहिला भाषेचा प्रश्न. मराठी किंवा कन्नड माध्यमातून आलेल्या मुलांना शोधनिबंधांची इंग्रजी सुरुवातीला अडते, यात शंका नाही. पण या विषयाची अर्धी भाषा समीकरणांची आणि आलेखांची आहे, तिला माध्यम नसते. आठवड्याला एक निबंध, त्यातल्या आकृत्या आधी, मजकूर नंतर, असे वर्षभर वाचले की उरलेली अर्धी भाषाही हाताशी येते. कल्पना मात्र आपल्या भाषेत समजून घ्या. अलिबागची चुंबकीय वेधशाळा १९०४ पासून नोंदी घेते आहे. मुंबईत विजेच्या ट्राम येणार आणि त्यांच्या प्रवाहाने कुलाब्याची वाचने बिघडणार, म्हणून ती तिकडे हलवली. ही गोष्ट मराठीत एकदा समजली की मोजमापातला गोंगाट म्हणजे काय, हे वेगळे शिकवावे लागत नाही.

पी.यू.सी.च्या पहिल्या वर्षात गुरुत्वाकर्षण आणि तरंग हे दोन धडे आहेत, दुसऱ्या वर्षात चुंबकत्वाचा. समुद्रतळ मोजण्याच्या तिन्ही रीती त्यांत आहेत. परीक्षेला येणार नाहीत ती उदाहरणेसुद्धा या वर्षी सोडवा.